लांबीचा मोतद्दार

सुरतेतल्या बमरोलीच्या मागाच्या कारखान्यात धुडकू अहिरेला सगळे 'घोडेवाले काका' म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, यांचा टांगा असेल. टांगा कुठला! धुडकू अठरा वर्षं पुण्याला रेसच्या तबेल्यात मोतद्दार होता. मोतद्दार म्हणजे घोड्याचा खरारा करणारा, दाणापाणी बघणारा, लीद काढणारा, आणि घोडा जिंकला की 'फोटोतून जरा बाजूला हो' असं ज्याला सांगतात तो माणूस. चौसष्ट साली तो पुणं सोडून सुरतेला आला आणि मागावर उभा राहिला. हात मागाला सरावले, कान खडखडाटाला सरावले, पण जीभ काही तबेला सोडून आली नाही.

जेवणाच्या सुट्टीत माग थांबले की कान मोकळे व्हायचे आणि कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचा, "काका, ते लांबीचं सांगा की." सांगणाऱ्याला तेवढंच हवं असायचं. भाकरीचा तुकडा हातातल्या हातात वाळून जाई आणि धुडकू लांबीचा इतिहास सांगू लागे.

लांबी ही एक शर्यत. कागदावर तिचं इंग्रजी नाव होतं, तेही मध्ये एकदा बदललं, पण मोतद्दारांनी ते कधी तोंडात घेतलं नाही. बाकीच्या शर्यती पाच-सहा फर्लांगांच्या, बिडी पेटवेपर्यंत संपणाऱ्या. ही पुऱ्या दोन मैलांची, वर्षातून एकदा, पावसाळी हंगाम सरता सरता. तिथं नुसत्या वेगाचं काम नसे. मोठमोठ्या नावाचे घोडे दीड मैलाच्या खांबापाशी मान टाकायचे आणि मग ज्याच्या छातीत दम आणि डोक्यात अक्कल तो मागून येऊन जायचा. धुडकू म्हणायचा, बाकीच्या शर्यती पैसेवाल्यांच्या, लांबी आमची. कारण दोन मैलांचा घोडा चाबकानं होत नाही. त्याला दोन-तीन वर्षं हातानं घडवावा लागतो, आणि तो हात मोतद्दाराचा असतो.

लांबीची एक रीतच होती. दोन मैल पळून आलेला घोडा तव्यासारखा तापलेला असतो. त्याला लगेच बांधायचं नाही, पोटभर पाणी दाखवायचं नाही, तासभर हळूहळू चालवायचं. त्या तासात जिंकलेल्या घोड्याचा मोतद्दार त्याच्या कानाशी 'सालं' म्हणत चालायचा. पहिल्या लांबीपासून त्या दिवसापर्यंतची सगळी. साल, घोडा आणि मोतद्दार. मालकाचं नाव नाही, जॉकीचं नाही. बाकीचे मोतद्दार वाटेच्या दोन्ही बाजूंनी उभे राहून ऐकत. चुकला की दटावत, पुन्हा म्हणायला लावत. सगळी सालं बिनचूक झाली की शेवटी आपल्या घोड्याचं आणि आपलं नाव लावायचं. झालं, इतिहास पुढं सरकला. वही नाही, शाई नाही.

म्हणून धुडकूला सगळं तोंडपाठ. पहिली लांबी झाली तेव्हा जर्मनची लढाई चालू होती. काळी घोडी पहिली आली, मोतद्दार लोटू. दुसऱ्या साली तीच घोडी, तोच लोटू. सत्तेचाळीस साली निम्मे गोरे मालक घोडे विकून गेले, तरी लांबी झाली. चारच घोडे धावले, पण झाली. मग राजेरजवाड्यांचे घोडे आले, मग राजे खंगले आणि गिरणीवाल्यांचे आले. "मालक बदलले हो," धुडकू सांगायचा, "पण लीद तीच आणि ती काढणारेही तेच." सगळे हसायचे. असं हसवत हसवत तो बासष्ट सालापर्यंत यायचा आणि गप्प व्हायचा.

"आणि त्रेसष्ट?" नवखा कोणी विचारायचा. जुने लोक त्याला कोपर मारायचे. त्रेसष्ट साल धुडकू म्हणत नसे. फार आग्रह झाला की एवढंच म्हणायचा, "ते साल मुकं आहे. माझ्या जोडीदारानं घात केला." आणि उठून मागाकडं जायचा. पुढचं तो कारखान्यात कधी बोलला नाही.

त्रेसष्ट साल पाटलाचं होतं. पाटील म्हणजे घोडा. कुमैत, म्हणजे काळपट तांबड्या रंगाचा, कपाळावर तांदळाएवढा पांढरा ठिपका. रेसच्या कार्डावर त्याचं नाव काही वेगळंच होतं. पण तो तबेल्यात पहिल्या दिवशी ट्रकमधून उतरला तोच असा, की दोन पावलं टाकायची, थांबायचं, आजूबाजूला कोण कोण आहे बघायचं, मग पुढची दोन पावलं. भिकन म्हणाला, "हा तर गावचा पाटील दिसतोय." तेव्हापासून तो पाटील.

हा भिकन म्हणजे धुडकूचा जोडीदार. दोघंही साक्री तालुक्यातले, शेजारशेजारच्या गावचे. एका तबेल्यात काम, पत्र्याच्या एका खोलीत दोन्ही बिऱ्हाडं, मध्ये गोणपाटाचा पडदा. धुडकूची बायको अंजनाबाई आणि भिकनची सुंदरा यांची चूल एकच. पाटलाची सकाळ धुडकूकडं, संध्याकाळ भिकनकडं. दोघांचं घोड्यावरून भांडण व्हायचं ते एवढंच, की पाटील कोणाला बघून जास्त फुरफुरतो.

पाटलाला एक शौक होता. सकाळी धुडकू बशीत चहा ओतून फुंकर घालायला लागला की घोडा दारावरून मान बाहेर काढून बशीत तोंड घालायचा. पहिल्यांदा धुडकू ओरडला, मग हसला, मग रोज एक बशी त्याची ठरून गेली. तळाशी उरलेला चोथाही गुळात कालवून दिला की पाटील हात चाटून साफ करायचा. तबेल्यात सगळ्यांनी ते पाहिलं होतं. ट्रेनरसाहेबांची ताकीद होती की ठरलेल्या दाण्याशिवाय घोड्याला काही घालायचं नाही, पण चहा म्हणजे काय दाणा आहे? चहा म्हणजे चहा. अठरा वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसाच्या मनाला याहून वेगळं काही शिवलंच नाही.

लांबीच्या दिवशी सकाळी अंजनाबाईनं चहा नेहमीपेक्षा दाट केला होता. त्यांच्याकडं घरचं माणूस मोठ्या कामाला निघालं की त्याला बिनचहाचं उंबऱ्याबाहेर जाऊ देत नसत. धुडकूनं त्या दिवशी पाटलाला एका बशीऐवजी पातेलीच दाखवली. वर चोथ्याचे दोन गोळे. "जा पाटील," त्यानं त्याच्या कानामागं खाजवत सांगितलं, "आज नाव लाव आमचं."

आणि पाटलानं लावलं. एक मैलापर्यंत तो सगळ्यात मागं होता. गावात फेरफटका मारायला निघाल्यासारखा. मालक दुर्बीण खाली ठेवून सिगारेट शोधायला लागले होते. दीड मैलाच्या खांबापाशी पुढचे घोडे विस्कटले आणि पाटलानं कान मागं टाकले. कुंपणाला धरून उभे असलेले धुडकू आणि भिकन, दोघांनी एकमेकांचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नंतर दोघांच्याही हातावर वळ होते. शेवटच्या फर्लांगात पाटलानं एकेकाला गाठलं आणि दोन घोड्यांएवढ्या अंतरानं तो पुढं आला. धुडकूला रडू फुटलं. भिकन तर जमिनीवर बसला आणि उठेचना.

त्या संध्याकाळी धुडकूनं पाटलाला तासभर चालवलं. लोटूच्या काळ्या घोडीपासून सालं म्हटली, एकही चुकलं नाही. शेवटी म्हणाला, "त्रेसष्ट साल. पाटील. मोतद्दार धुडकू आणि भिकन." दोन नावं लावायची रीत नव्हती. एक म्हातारा मोतद्दार कुरकुरलाही. धुडकूनं ऐकलं नाही.

पाच दिवसांनी आक्रीत झालं. जिंकलेल्या घोड्याची लाळ आणि लघवी तपासायला जाते, तशी पाटलाचीही गेली होती. त्यात उत्तेजक औषध निघालं. पाटलाचं नाव कापलं, दुसऱ्या नंबरच्या घोडीला लांबी दिली आणि चौकशी बसली.

चौकशीच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि लांब टेबलाच्या पलीकडं तीन साहेब बसले होते. एक कारकून त्यांचं इंग्रजी मराठीत करून सांगत होता. "घोड्याला कोणी सुई, गोळी, औषध दिलं?" धुडकूनं आईची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं, आणि ते त्याच्या मनानं खरंच होतं. निकाल कळल्यापासून रात्रंदिवस तो हाच विचार करत होता की माझ्या पाटलाला विष घालणारा आहे कोण. डोकं फुटायची पाळी आली होती. "तुझ्याशिवाय घोड्याजवळ कोण जातं?" कारकुनानं विचारलं. आणि धुडकूला आठवलं. लांबीच्या आदल्या संध्याकाळी भिकनच्या हातात त्यानं एक काळपट गोळा पाहिला होता.

तो तसं बोलला. सगळं, जसं पाहिलं तसं. "भिकनच्या हातात गोळा होता साहेब. पाटलानं तो खाल्ला."

बाजूलाच उभ्या असलेल्या भिकननं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं. मग साहेबांना म्हणाला, "ओवा, हिंग आणि गूळ होता साहेब. घोड्याचं पोट गच्च वाटत होतं." कोणी बनवला म्हणून विचारल्यावर म्हणाला, "मीच." ओवा आणि हिंगानं तपासणीत असलं काही निघत नाही, असं एक साहेब म्हणाले, म्हणजे गोळ्यात दुसरं काहीतरी होतं. भिकनला सगळ्या रेसकोर्सांवर जन्माची बंदी झाली. फाटकाफाटकावर त्याचं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी गोणपाटाच्या पडद्याआडून भांडी बांधल्याचे आवाज आले आणि ते बिऱ्हाड निघून गेलं. अंजनाबाई दारापर्यंत गेली. धुडकू गेला नाही.

पाटलाला मालकांनी विकून टाकलं. कुणाला, कुठं, हे धुडकूला कधीच कळलं नाही. ट्रेनरसाहेबांचा परवाना वर्षासाठी गेला, तबेला मोडला. बदनाम तबेल्याच्या मोतद्दाराला दुसरा कोण ठेवणार? चार महिने फाटकाशी उभं राहून धुडकूनं शेवटी मेहुण्याला, पोपटला, पत्र घातलं. पोपट सुरतेला मिलमध्ये होता. त्यानं बोलावून घेतलं.

सुरत माणसाला विचारत नाही तू कोण होतास. मागावर हात चालतो का, एवढंच विचारते. धुडकू तिथं रुळला. पोरांच्या तोंडी गुजराती बसली, अंजनाबाई शेजारणींकडून उंधियू करायला शिकली. फक्त घोडा दिसला की धुडकूचे पाय थांबायचे. स्टेशनसमोर टांग्याचे घोडे उभे असत, त्यांच्या कपाळावर तो तांदळाएवढा ठिपका शोधायचा. आणि सुट्टीच्या दिवशी पांजरापोळात जायचा. तिथं कामातून गेलेल्या गाई-बैलांबरोबर दोन-चार म्हातारे घोडे असत. रखवालदारानं आधी हटकलं, मग यानं फुकट खरारा करून दिलेला पाहून काही बोलायचं सोडून दिलं.

सहासष्टच्या सुमारास पोपटनं बातमी आणली होती की भिकन चलथाणला आहे, साखर कारखान्यात, उसाच्या गाड्यांच्या बैलांकडं. चलथाण ते असं कितीसं लांब! साक्रीकडं जाताना नंदुरबारची गाडी तिथं थांबतेच. पण धुडकू त्यानंतर गावाला निघाला की चलथाण यायच्या आधी डब्यातली बाजू बदलून बसायचा, फलाट दिसू नये म्हणून. अंजनाबाई मात्र खिडकीशी बसून बघत राहायची, सुंदरा दिसते का म्हणून. "अंजना, खिडकी लाव," तो म्हणायचा. ती लावत नसे.

अशी नऊ वर्षं गेली.

बहात्तरच्या श्रावणात एका सुट्टीला धुडकू पांजरापोळात बसला होता. तिथल्या एका म्हाताऱ्या घोडीशी त्याची सोयरीक जमली होती. चहावाल्याकडून आणलेला चहा त्यानं बशीत ओतला आणि तिच्यापुढं धरला. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर आले. वयस्क गुजराती माणूस, तोंडात पान, बोलायला मोकळे.

"अल्या, घोडीने चा पाय छे?" ते हसत म्हणाले. "रेसनी होत ने, तो इनाम पण जात ने तारी नोकरी पण जात!"

धुडकूही आधी हसला. रेसची असती तर इनामही गेलं असतं आणि नोकरीही, हे डोक्यात शिरलं तेव्हा त्यानं बशी खाली ठेवली. "का बरं साहेब?"

डॉक्टरांनी घोडीचा खूर उचलून बघता बघता सहज सांगितलं. चहात जे तरतरी आणणारं असतं तेच रेसच्या तपासणीत धरतात. माणसाला जसं ते चढतं तसं घोड्यालाही, लाळेत उतरतं, लघवीत उतरतं. मोठमोठे घोडे असे बाद झालेत. "ओवा-हिंगानं होतं का असं?" धुडकूनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अजमो? ना रे भाई. अजमो तो दवा छे."

पांजरापोळातून बमरोलीपर्यंत धुडकू चालत आला. वाटेत कोणी हाक मारली, कोण होतं ते त्याला कळलं नाही. घरी अंजनाबाईनं नेहमीसारखा चहा पुढं केला तेव्हा त्यानं कप हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.  मग भिंतीला टेकून बसून त्यानं बायकोला सांगितलं, "भिकननं काही केलं नव्हतं. मीच केलं. आपल्या घरच्या चहानं पाटलाचं नाव गेलं आणि मी भिकनचं नाव घेतलं."

 अंजनाबाईनं पदर डोळ्याला लावला आणि घरच्या बोलीत म्हणाली, "सकायनी गाडीवर चलथाणले जा. त्याना पायवर डोकं ठेवा."

एवढं सोपं होतं ते. सकाळची गाडी, तासाचाही प्रवास नाही. पण धुडकू गेला नाही. त्या आठवड्यात पाळी बदलली होती. पुढच्या आठवड्यात पोपटकडं बारसं. मग गणपती, मग दिवाळी. दिवाळी झाली तर उसाचा हंगाम लागला. आता भिकनला गाड्यांच्या गर्दीत श्वास घ्यायला फुरसत नसेल, हंगाम सरला की निवांत बसून बोलू. अशी एकेक सबब तो अंजनाबाईपुढं ठेवायचा आणि ती एकही उचलत नसे. "कितला दिन पोटमा ठेवशात?" ती विचारायची. खरं म्हणजे धुडकूला मार खायची भीती नव्हती. भिकननं जोड्यानं हाणलं असतं तर बरंच वाटलं असतं. भिकन पुन्हा तसंच नुसतं बघेल, ही भीती होती.

पौषात एकदा तो गाडीत बसलाही. चलथाण आलं. या खेपेला त्यानं बाजू बदलली नव्हती. फलाटावर मळीचा आंबूस वास येत होता, डोक्यावर गाठोडी घेतलेले लोक उतरत होते. धुडकू उठला, दारापर्यंत गेला, दांडी धरून उभा राहिला. गाडी सुटली. तो बारडोलीला उतरला आणि येणाऱ्या गाडीनं घरी परत आला. अंजनाबाईला म्हणाला, "भेटला नाही." ती काय समजायचं ते समजली आणि तिनं त्याचं ताट वाढलं.

कारखान्यातल्या गोष्टीही तेव्हापासून बंद झाल्या. कोणी लांबीचं विचारलं तर म्हणायचा, सरला तो इतिहास. पोपटनं एकदा वर्तमानपत्रात वाचून सांगितलं की आता लांब शर्यतींना कोणी विचारत नाही, फर्लांग जाऊन मीटर आलेत आणि लोकांना झटपट शर्यती हव्या असतात. धुडकूनं ऐकून घेतलं. त्याला फक्त एवढंच वाटलं, की सालं म्हणणारे मोतद्दार आता उरले असतील की नाही, आणि उरले असले तर त्रेसष्टला ते काय म्हणत असतील.

शेवटी चैत्रात, उसाचा हंगाम संपत आला तेव्हा, तो गेला. अंजनाबाईनं धुतलेलं धोतर काढून दिलं आणि या खेपेला काही बोलली नाही.

चलथाणला उतरून त्यानं कारखान्याच्या बैलवाल्यांची वस्ती विचारली. कुडाच्या झोपड्यांची रांग होती. एका म्हाताऱ्यानं शेवटच्या झोपडीकडं बोट दाखवलं. "भिकनभाऊंचं घर ते." दारात एक बाई बैलांच्या झुली शिवत बसली होती. सुंदराच ती. केस पिकले होते, पण झुलीवर वाकून बसण्याची ढब तीच. तिनं मान वर केली. कपाळ मोकळं होतं, हात मोकळे होते.

धुडकू अंगणातच उभा राहिला. त्याला पुढंही जाता येईना आणि मागंही.

"धुडकू भाऊ शेत का?" सुंदरानं डोळ्यांवर हात धरून ओळख पटवत विचारलं. तिनं आत जाऊन घोंगडी आणली, अंथरली, पाण्याचा तांब्या ठेवला. जणू तो गेल्या आठवड्यात येऊन गेला होता. "बसा. त्या गयात. माघमा. दिवाळीपाईन आंगमा ताप व्हता."

धुडकू बसला. पाण्याला त्यानं हात लावला नाही. इतकी वर्षं ज्याचं तोंड पाहायचं टाळलं त्याच्या अंगणात तो बसला होता, आणि जे सांगायला आला होता ते ऐकणारा माणूस आता जगात नव्हता. उठून जावं असं त्याच्या मनात आलं. कोणाला काय कळणार होतं? भेटायला आलो होतो, एवढं म्हणून डोळे पुसून निघाला असता तरी सुंदरानं त्याला वाटेपर्यंत पोचवलं असतं.

पण तो उठला नाही. खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. बशी, पातेली, चोथ्याचे गोळे, पांजरापोळातले डॉक्टर. "भिकनच्या गोळ्यानं काही झालं नव्हतं सुंदरा. ओव्यानं काही होत नाही. ते माझ्या हातून झालं. मी त्याच्यावर घातलं."

सुंदराच्या हातातली सुई थांबली होती. 

"तो गोळा मी वळेल व्हता भाऊ," ती म्हणाली.

धुडकूनं मान वर केली.

"ओवा मीच भाजा, हिंग मीच टाका. चौकशीमा त्यासनी मन्हं नाव घेतं नही." तिचा आवाज चढला नाही, की तुटलाही नाही. तिला वाटत होतं, किराणावाल्याकडच्या त्या ओव्यात काही वेडंवाकडं आलं असेल आणि ते आपण न निवडता घातलं. नवऱ्यालाही तेच वाटत होतं. कोणी विषय काढला तर तो एवढंच म्हणायचा की धुडकूनं जे पाहिलं तेच सांगितलं, त्याचा काय दोष. बायकोला त्यानं नऊ वर्षांत कधी बोल लावला नाही. वस्तीतल्या लोकांनी घोड्याला विष घालणारा म्हटलं, तरी नाही.

"फक्त एकच," सुंदरा म्हणाली. "आजारी पडनात, तव्हयपाईन मी काढा दिधा, भात दिधा, पेज दिधी, तरी पहिले इचारेत, 'यामा काय टाकं व?' रोज. रागे नही भरेत, नुसतं इचारेत. मी सांगू, मंग खायेत. आखरीना दिन पानी पाजं, तरी इचारं."

धुडकूच्या तोंडून हुंदका फुटला. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि तो लहान मुलासारखा रडला. सुंदरा रडली नाही. तिनं झूल बाजूला ठेवली, सुई पदराला टोचली आणि त्याचं रडणं ओसरेपर्यंत वाट पाहिली. मग तिनं विचारलं, "डॉक्टरनी तुमले कव्हय सांगं?"

आठ दिवसांपूर्वी, असं म्हणता आलं असतं. काल, असंही म्हणता आलं असतं. धुडकूच्या जिभेवर ते आलंही होतं. पण एकदा या बाईच्या घरावर आपल्या तोंडानं नांगर फिरवला होता. आता तरी तिच्यापुढं खोटं बोलायचा त्याला धीर झाला नाही.

"श्रावणात," तो म्हणाला.

सुंदरा हळूहळू बोटांची पेरं मोजू लागली. श्रावण, भाद्रपद, आश्विन. तिचा अंगठा माघाच्या पेरावर येऊन थांबला. तिनं त्याच्याकडं पाहिलं, भिकननं चौकशीच्या खोलीत पाहिलं होतं तसं नव्हे, चांगलं डोळ्यांत डोळे घालून.

"मंग तव्हय त्या जित्ता व्हतात," ती म्हणाली.